ताट वापस नाही करायचं

शालिक गजभिये परक्या गावात उतरला की आधी लॉज विचारायचा नाही, मिलचा पत्ताही विचारायचा नाही. स्टँडवर जो पहिला माणूस दिसेल त्याला गाठायचा आणि आपल्या गोंदियाच्या हिंदीत विचारायचा, "भैया, आज तुम्हारे घर में क्या रांधे?"

माणूस दचकायचा. काही जण हसून पुढे जायचे, काही जण खिसा चाचपायचे. पण एखादा असा निघायचा की तो खरंच थांबायचा, घरी काय शिजलंय ते सांगायचा आणि वर म्हणायचा, चला, चाखून बघा. शालिकभाऊ लगेच बॅग उचलायचा. मग मलाही मागोमाग जावं लागायचं, आणि माझ्या हालांना तिथून सुरुवात व्हायची.

आम्ही दोघं गोंदियाला राइस मिलची मशिनरी विकणाऱ्या एका दुकानात होतो. मी माल विकायचो, शालिकभाऊ तो जाऊन बसवायचा. मी नोकरीला लागलो तेव्हा जुनं शतक संपत आलं होतं, आणि मालकाला आजूबाजूच्या राज्यांत धंदा वाढवायची हौस आली होती. जिथं धान तिथं आम्ही. छत्तीसगड, ओडिशा, आंध्र, बंगाल. मी पटले, जातीचा पवार, पोटाचा भित्रा. घरून निघताना चिवडा, शेंगदाण्याचे लाडू आणि लिंबाचं लोणचं बांधून घ्यायचो. माझ्या जिभेची हद्द गोंदियाला लागून असलेल्या फुलचूरलाच संपायची, हे मला माहीत होतं आणि त्याची मला लाज नव्हती.

शालिकभाऊ मूळचा दवनीवाड्याचा. उंच, वाळका, अंगावर मांसाचा पत्ता नाही. एवढं खाल्लेलं जातं कुठं, असा प्रश्न बघणाऱ्याला पडायचा. शर्टाच्या एका खिशात टेस्टर, दुसऱ्या खिशात मूठभर कनकी. कनकी म्हणजे मिलमध्ये निघणारे तांदळाचे तुकडे. ती कशासाठी, ते पुढे सांगतो.

जगदलपूरच्या अलीकडे एका आठवडी बाजारात त्याने पानावर लाल मुंग्यांची चटणी घेतली. आधी विकणाऱ्या बाईला त्या चटणीचं नाव विचारलं. हा त्याचा नेम. नाव विचारल्याशिवाय घास उचलायचा नाही. "अन्नाचं नाव नाही माहीत, तं कोणाच्या घरी जेवलो हे कसं समजन?" असं म्हणायचा. मग बोट भरून चाटली, डोळे मिटले आणि म्हणाला, "आंबट आहे गा. लिंबाचं कामच नाही." मीही करंगळीच्या टोकाला लागेल एवढी जिभेवर ठेवली. डोळ्यांत पाणी आलं ते चटणीनं की मुंग्यांच्या विचारानं, हे मला आजही सांगता येणार नाही.

"जिभेचं नोको आयकू, पटलेभाऊ," तो मला समजवायचा. "जीभ म्हणजे पोस्टमन. चिठ्ठी वाचायचं काम तिचं नाही. मालक पोट आहे."

ओडिशात एका मुनिमाच्या घरी रात्रभर पाण्यात भिजवलेला आंबूस भात आणि भाजलेलं सुकं मासोळं पुढे आलं. मी माझा चिवडा काढला. शालिकभाऊने पहिला घास हळू खाल्ला, दुसरा जरा मोठा घेतला आणि हसला. "आपली आंबीलच होय. कपडे बदलून आली." त्याचं एक ठरलेलं वाक्य होतं. पहिला घास पाहुण्याचा, दुसरा घास घरच्याचा. त्याचं म्हणणं असं की कोणतंही परकं अन्न फक्त एका घासापुरतं परकं असतं. ज्याने दुसरा घेतला नाही तो गावात येऊनही बाहेरच राहिला.

या तत्त्वज्ञानाचा फटका त्याला बसला नाही असं नाही. आंध्रात एका मिलमालकाकडे त्याने हिरव्या मिरच्यांचा ठेचा वाडगाभर संपवला, वर आणखी मागितला. दुसऱ्या दिवशी सकाळी मिल चालू झाली आणि फिटर बंद पडला. मालक दर अर्ध्या तासाने विचारायचा, इंजिनियर साहेब कुठे आहेत, आणि मी संडासाच्या दाराकडे बोट दाखवायचो. संध्याकाळी पांढराफटक चेहरा घेऊन बाहेर आला तरी मालकाच्या बायकोला सांगतो, "बहुत बढिया था अम्मा." त्या बाईने बिचारीने डबाभर बांधून दिला.

मी चिडायचो. त्याला चव कळत नव्हती असं नाही, चांगली कळायची. पण आवडलं तरी दुसऱ्यांदा मागायचा आणि नाही आवडलं तरी दुसऱ्यांदा मागायचा. मग वाढणाऱ्याने काय समजावं? बंगालमध्ये एका घरी नव्या सुनेने खिरीत साखरेऐवजी मीठ घातलं होतं. पंगतीला आधी आम्ही दोघंच. मी चमचा तोंडाला लावला आणि वाटी बाजूला सरकवली. याने वाटी संपवली, दुसरी मागितली, तीही संपवली. नंतर घरची मंडळी जेवायला बसली तेव्हा बोंब झाली. सून पदर तोंडाला लावून उभी. शालिकभाऊ तिला म्हणतो, "नमक अच्छा था बेटी." सासू हसली, मग सगळेच हसले आणि सूनही हसली. मला मात्र बाहेर आल्यावर म्हणाला, "दोन लोटे पाणी पाज गा, पटलेभाऊ. जीव चालला."

मी म्हटलं, "मग सोडून द्यायचं होतं."

"ताट वापस नाही करायचं," तो म्हणाला. हेही ठरलेलं वाक्य. भांडण तिथं संपायचं.

ते वाक्य आलं कुठून, हे मला एका दुपारी देवरीला कळलं. रायपूरहून येताना आमची बस तिथं बिघडली आणि आम्ही हायवेवरच्या एका ढाब्यात अडकलो. ढाब्यातली डाळ जळकी होती. मी एक घास घेऊन ताट सारलं, शालिकभाऊ मुकाट्यानं खात होता. मला कंटाळा आला होता, म्हणून मी जरा खोचकपणेच विचारलं, "कायले जीव जाळतं बाप्पा? इथं तं कोणी पाहून बी नाही राहिलं."

त्याने घास गिळला, पाणी प्यायलं आणि सांगितलं. दवनीवाड्याला त्याच्या लहानपणी शाळेतले एक मास्तर घरी आले होते. पोरगा हुशार आहे, पुढे शिकवा, हे सांगायला. मायला किती आनंद झाला. कोणाच्या तरी घरून तूप आणलं, शेवया रांधल्या आणि घरातलं एकुलतं पितळेचं ताट राखेनं घासून त्यात वाढल्या. मास्तर ओसरीवर खाटेवर बसले होते. म्हणाले, आत्ताच जेवून आलो. पाणी दिलं, तेही तसंच ठेवलं.

"सकाळचे आठ वाजले होते," शालिकभाऊ म्हणाला. "आठ वाजता कोण जेवून येते गा? माणूस चांगला होता. माह्यासाठीच आला होता. पण आमच्या घरचं पाणी त्याच्या गळ्याखाली उतरत नव्हतं. माय ताट घेऊन अंदर गेली. त्या शेवया तिनं आमाले बी नाही देल्ल्या. गाईले टाकल्या. मी तिचं तोंड पाहिलो होतो. तेव्हाच ठरवलो, का आपण कोणाचं ताट वापस नाही करायचं."

एवढं बोलून त्याने जळक्या डाळीचा शेवटचा घास खाल्ला. मी माझं सारलेलं ताट परत ओढलं. खाल्लं थोडंसं, खोटं कशाला सांगू. माझ्या आईच्या काळात शालिकभाऊ आमच्याही ओसरीच्या पुढे आला नसता, हे मला ठाऊक होतं, आणि त्यालाही ठाऊक असणार. आमच्या घरी तो स्वयंपाकघरात पाटावर बसून जेवायचा, पण तो माझ्या बायकोच्या काळात.

दौऱ्यावर नसला की दर रविवारी तो आमच्याकडेच असायचा. माझी बायको कोचईच्या, म्हणजे अळूच्या, पानाच्या वड्या करायची. कोचईला चिंच भरपूर लागते, नाहीतर घशाला खाज सुटते. पण चिंचेनं सांधे धरतात अशी आमच्या मंडळींची पक्की समजूत, म्हणून चिंच फक्त दाखवण्यापुरती. मी चतुराईनं दोन वड्या खाऊन भाताकडे वळायचो. शालिकभाऊ ताट संपवायचा, हळूच खाकरायचा आणि म्हणायचा, "द्या वहिनी, आणखी दोन." बायको माझ्याकडे बघायची. अर्थ असा, की शिका जरा.

आता कनकी. फुलचूरला त्याचं स्लॅबचं घर होतं. त्याची बायको सिंधू सकाळी गच्चीवर कनकी टाकायची आणि कबुतरं जमायची. एका पावसाळ्यात ती चार दिवसांच्या तापानं गेली. मुलगी प्रज्ञा तेव्हा बारावीला. पुढे ती नर्सिंग शिकायला नागपूरला गेली, तिथंच दवाखान्यात लागली, आणि घरात हा एकटा उरला. सगळ्या मुलखाचं अन्न चाखणारा हा माणूस स्वतःच्या घरी नुसता गंजभर भात टाकायचा. "आपल्याचसाठी रांधाले मजा नाही येत," म्हणायचा. पण कबुतरांची कनकी चुकली नाही. त्यांना नावं होती. छाती काढून चालणारा तहसीलदार, सगळ्यांच्या मागून येऊन दुप्पट खाणारा तलाठी. आणि एक राखाडी, एका पायाने लंगडी, जी सिंधूच्या हातावर बसायची. तिला नाव नव्हतं. ती आली की हा बाकीच्यांना हाकलायचा आणि हात पुढे करून उभा राहायचा. ती काही याच्या हातावर बसत नसे. मग खाली पसरून द्यायचा. परगावी गेला तरी खिशात कनकी असायचीच, कुठल्याही प्लॅटफॉर्मवर कबुतर दिसलं की हा थांबला.

तर अशा माणसाच्या मुलीने एक दिवस फोन करून सांगितलं, की बाबा, मला एक मुलगा पसंत आहे. तिच्याच दवाखान्यात एक्स-रे काढतो. नाव दीपेन, गाव आसामात, नलबाडीकडे. लग्नानंतर दोघं तिकडेच राहणार.

नातेवाइकांनी घर डोक्यावर घेतलं. आपल्यातले पोट्टे मेले काय, इथपासून ते लोक साप खातात, इथपर्यंत सगळं झालं. शालिकभाऊ कोणाशी भांडला नाही. दीपेन गोंदियाला येऊन भेटून गेला होता, पोरगा त्याला आवडला होता. पण मुलगी इतक्या दूर द्यायची, तिथं तिला कोण विचारेल, याने त्याची झोप उडाली होती. हे तो बोलला नाही, पण त्या दिवसांत मशीनला उलटा पट्टा चढवताना मी त्याला पाहिलं.

शेवटी प्रज्ञाला म्हणाला, "मी त्याच्या घरी जाऊन जेवतो. त्या घरचं अन्न गळ्याखाली उतरलं, तं होय. नाही उतरलं, तं तू बी जिद नाही करायची."

प्रज्ञा फोनवर हसली. मला नंतर म्हणाली, "काका, झालंच समजा. आमच्या बाबांनी आजवर कुठं ताट सोडलंय?" तिने दीपेनच्या घरीही सांगून ठेवलं, की बाबा सगळं खातात, काहीही करा. मलाही वाटलं, लग्न ठरलं. मुलगा पाहायला जाताना सोबत कोणीतरी हवं, म्हणून मी माझा डबा बांधला आणि निघालो. हावड्याला गाडी बदलून, दीपेनबरोबर, आम्ही तिथं पोचलो.

घर चांगलं होतं. पत्र्याचं छप्पर, शेणानं सारवलेलं अंगण, मागे सुपारीची झाडं आणि पुढे धानाच्या बांध्या. शालिकभाऊने बांधीत उतरून लोंबी चोळून पाहिली आणि समाधानाने मान हलवली. दीपेनला वडील नव्हते. आई होती, ठेंगणी, कमी बोलणारी, कमी बोलायचं कारण म्हणजे तिला आमची भाषा येत नव्हती आणि आम्हाला तिची. अंगणाच्या कोपऱ्यात खांबावर लाकडी खुराडं होतं आणि त्यात कबुतरं.

शालिकभाऊचा चेहरा उजळला. खिशातून कनकी काढून तो तिथंच उकिडवा बसला. कबुतरं आली, एक तर सरळ त्याच्या मनगटावर चढलं. त्याने श्वास रोखला. मग मान वळवून आईकडे पाहिलं, कबुतरांकडे बोट केलं आणि म्हणाला, "बढिया. बहुत बढिया." तीही हसली, मान डोलावली. मला म्हणाला, "ज्या घरी पारवे येतेत ते घर वाईट नसते गा." मला वाटलं, जेवायच्या आधीच निकाल लागला.

दुसऱ्या दिवशी दुपारी पानं मांडली. शालिकभाऊला काशाचं ताट, खाली पाय असलेलं, जड. ते फक्त मानाच्या पाहुण्याला, असं दीपेनने सांगितलं. केळीच्या सालीची राख पाण्यात कालवून, गाळून, त्या पाण्यात शिजवलेली भाजी आली. नाव विचारलं, खाल्ली, दुसऱ्यांदा घेतली. मग तळलेले रेशमाचे किडे आले. हा कुरकुरीत चावून म्हणतो, "फुटाण्यासारखे लागतेत." सगळ्यांच्या नजरा माझ्यावर, म्हणून मी एक किडा गोळी घेतात तसा पाण्याबरोबर गिळला. माझी हद्द तिथं मला सापडली, म्हणजे फुलचूरपेक्षा बरीच पुढे निघाली. मग एक आंबट भाजी आली आणि शालिकभाऊने माझ्या मांडीवर थाप मारली. "पटलेभाऊ, हे तं आपले वास्ते होय ना गा." खरंच बांबूचे कोवळे कोंब होते, आमच्या देवरीच्या जंगलात निघतात तेच. त्याचे डोळे ओले झाले. पोरीला इथं वास्ते मिळणार, एवढ्यानं त्याला किती धीर आला.

मग आईने स्वतः एक वाटी आणली. केळफुलात शिजवलेलं मटण दिसत होतं, रस्सा काळसर. तिने ती दोन्ही हातांनी त्याच्या ताटाजवळ ठेवली आणि बघत उभी राहिली. शालिकभाऊने एक तुकडा उचलला आणि नेमाप्रमाणे विचारलं, "इसका नाम क्या है, बेटा?"

"कबूतर," दीपेन खुशीत म्हणाला. "माँ कल से बोल रही है, बाबा को हमारे कबूतर बहुत पसंद आए. इसलिए आज सुबह ही..."

मला अंगणातलं ते "बहुत बढिया" आठवलं. त्या बाईने त्याचा जो अर्थ घेतला तो कोणत्याही चांगल्या यजमानीणीने घेतला असता. पाहुणा कबुतरांकडे एवढ्या मायेनं बघतो, म्हणजे त्याला ती खायची आहेत.

शालिकभाऊने तुकडा तोंडाशी नेला. दात लावला. थोडासा तुटला असेल. मग हात खाली आला. पुन्हा वर नेला, पुन्हा खाली आला. कपाळावर घाम आला होता. मुंग्या खाल्लेला, मिठाची खीर खाल्लेला माणूस. दीपेनचा चेहरा उतरायला लागला. आईच्या हातात भाताचा डाव तसाच. ती त्याच्या तोंडाकडे बघत होती, आणि मला दवनीवाड्याच्या ओसरीवरची, पितळेचं ताट धरलेली बाई दिसली. त्यालाही तीच दिसत असणार. नागपूरला प्रज्ञा फोन हातात घेऊन बसली होती.

"मायबाई," तो तिला सरळ मराठीतच म्हणाला, "मले माफ कर. तुह्या हातचं आहे म्हून नाही म्हणतो, असं नाही. मले हे नाही जमून राहिलं."

मी दीपेनला भराभर सांगितलं. फुलचूरची गच्ची, कनकी, सिंधू, ती लंगडी राखाडी. त्याने आईला त्यांच्या भाषेत सांगितलं. ऐकता ऐकता तिने एकदा खुराड्याकडे पाहिलं आणि एकदा शालिकभाऊकडे. मग डाव खाली ठेवला, त्याच्या ताटासमोर बसली, आणि ताटातला तो तुकडा, त्याने दात लावलेला, उचलून स्वतःच्या तोंडात टाकला. सावकाश चावून खाल्ला. हाड बाजूला ठेवलं. वाटीही आपल्याकडे ओढून घेतली. मग दीपेनला काहीतरी म्हणाली आणि उठून शालिकभाऊला आणखी वास्ते वाढले.

"माँ कह रही है, मारा है तो फेंकेंगे नहीं," दीपेन म्हणाला. "आप भात खाइए. भात में कोई झगड़ा नहीं है."

शालिकभाऊ त्या रिकाम्या जागेकडे बघत राहिला, जिथं तुकडा होता. मग माझ्याकडे वाकून हळूच म्हणाला, "तिनं माहं उष्टं खाल्लं ना गा."

तेवढ्यात माझा फोन वाजला. प्रज्ञा. "काका, जेवले का बाबा? सगळं खाल्लं?" शालिकभाऊने डाव्या हातानं फोन घेतला.

"नाही खाल्लो," तो म्हणाला. "एक वाटी वापस केलो." हा पुढे म्हणाला, "आयक तं खरी. वापस केलो तरी कोणाचं तोंड उतरलं नाही. उलट मले वास्ते जास्त वाढले. असं घर मी आजवर नाही पाहिलो. तू खुशाल ये इथं." मग फोन माझ्याकडे देऊन त्याने भात कालवला. येताना खिशात उरलेली कनकी त्याने खुराड्याखाली पसरली. आई ते बघत उभी होती.

परतीच्या गाडीत एका स्टेशनावर फेरीवाल्याने कसलीशी वडी पुढे केली तर म्हणाला, "नको." मी चमकून पाहिलं. त्याच्या तोंडून तो शब्द मी कधी ऐकला नव्हता. तो स्वतःशीच हसला, म्हणाला, "भूक नाही ना गा."

पुढच्या रविवारी आमच्याकडे जेवायला आला. बायकोला मी फक्त लग्न ठरल्याचं सांगितलं होतं, ताटाचं काही सांगितलं नव्हतं. ती खुशीत होती, वड्यांचा ढीग केला होता. शालिकभाऊने एक वडी अर्धी खाल्ली, खाकरला आणि उरलेली अर्धी ताटात ठेवली.

"वहिनी, एक सांगू का? राग नोको मानू."

"सांगा ना, भाऊजी."

"तुमच्या वड्या गळ्याले खाजवतेत."

बायकोने माझ्याकडे पाहिलं. मी भातात लक्ष घातलं. "कधीपासून?" तिने विचारलं.

"पयल्या दिवसापासून."

"मग इतके वर्षं काऊन खाऊन राहिले होते? सांगायचं ना."

"तेव्हा सांगता नाही येत होतं," तो म्हणाला.

तिचा विश्वास बसेना. ती वाकली, त्याच्या ताटातली ती अर्धी वडी उचलली आणि तोंडात टाकली. चव बघायला, दुसरं काही नाही. तिच्या मनात काही आलंसुद्धा नसेल. जरा वेळ चावत राहिली, मग गळ्याला हात लावला.

"खाजवते, बाप्पा," ती म्हणाली. "खरंच खाजवते. आणि हे मेलं माझं माणूस, बोललं बी नाही कधी." मग चिंचेची बरणी फळीवरून खाली आली, सांधे राहिले बाजूला, आणि माझा उद्धार सुरू झाला.

शालिकभाऊ हात धुवायला उठला. मोरीतला नळ बराच वेळ चालू होता.